न्यूझीलंडला निघालो, मी धरून तिघं

२ नोव्हेंबर, पाडवा. सकाळी ७

संकल्प पाडव्याला करावा. एक जानेवारीला काय, सगळेच करतात. तर संकल्प: येत्या वर्षात मी माझ्या कुटुंबाला न्यूझीलंडला घेऊन जाणार. मी, बायको देवयानी, लेक स्पृहा. फायनल.

देवयानीला सांगितलं. ती म्हणाली, हे तिनेच मला दसऱ्याला सांगितलं होतं, तेव्हा मी जलेबी खात होतो. असेल. कल्पना कुणालाही सुचते. निर्णय घ्यायला माणूस लागतो.

मग बाबांना सांगितलं. म्हटलं, हे आपल्या रक्तातच आहे. पूर्वज पुण्याहून घोड्यावर टाच मारून निघाले ते थेट माळव्यात. ते काय इंग्रजीची परीक्षा देऊन आले होते? बाबा म्हणाले, आपले खापरपणजोबा होळकरांच्या फडात कारकून होते, बैलगाडीतून आले, आणि इंदूरला एकदा टेकले ते पुन्हा कुठेही गेले नाहीत. आईने भर घातली की मी भोपाळला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा तिसऱ्याच दिवशी फोन करून सेव मागवली होती. आईला नको ते लक्षात ठेवायची सवय आहे.

९ नोव्हेंबर

पलासियाला कन्सल्टंटकडे गेलो. शंतनुजी. ऑफिस एकदम प्रोफेशनल. भिंतीवर वेगवेगळ्या देशांची घड्याळं, त्यात न्यूझीलंडचं बंद.

मी बायोडेटा पुढे ठेवला. सांवेर रोडच्या पंप फॅक्टरीत सीनियर क्वालिटी इंजिनीअर. शंतनुजींनी तो वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला. मग देवयानीला विचारलं, मॅडम, आप क्या करती हैं. ती बालवाडीत शिकवते. म्हणजे पोरांना हात धुवायला आणि रांगेत उभं राहायला. शंतनुजी खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, अरे मॅडम, ये पहले बताना था ना. तिकडे अशा टीचर हव्याच असतात म्हणे. फाइल तिच्या नावाने लागणार. मी डिपेंडंट.

मीच तिला पुढे केलं, strategy म्हणून. कॅप्टन काही दर वेळी ओपनिंगला जात नाही.

एक बारीक अट आहे. शंतनुजींच्या मते माझा इंग्रजीचा स्कोअर लागला तरच तिघांची फाइल एकत्र जाईल. नाही तर ती आणि स्पृहा आधी, माझं नंतर बघू. पुढे म्हणाले, सर, आपका तो हो ही जाएगा. माणसाची पारख आहे.

१० नोव्हेंबर

इंग्रजीचं जाडजूड पुस्तक घेतलं. टाइमटेबल: पहाटे पाच ते सात अभ्यास. शिवाय पुस्तक स्कूटरच्या डिक्कीत ठेवलंय. पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये लोक हॉर्न वाजवतात, मी वाचणार. सुरुवात उद्यापासून, आज रविवार आहे. रविवारी पोहे-जलेबी आणायला मी नाही गेलो तर जाणार कोण.

११ नोव्हेंबर

उद्यापासून.

२४ नोव्हेंबर

देवयानी रोज जेवणं झाली की कानाला हेडफोन लावून इंग्रजी ऐकत बसते. वहीत काय काय लिहिते. जरा जास्तच करते. मी समजावलं की भाषा घोकून येत नाही, वापरून येते. फॅक्टरीत मी दिवसभर इंग्रजीच तर बोलतो. ओके, रिजेक्ट, पेंडिंग, रिवर्क, अर्जंट.

सिग्नलला पुस्तक काढायचा प्रयत्न केला. त्यासाठी उतरून सीट उघडावी लागते. मागचा म्हणाला, भिया, यहीं दुकान लगाओगे क्या. इंदूरमध्ये अभ्यासाला वातावरण नाही.

३ जानेवारी

देवयानीचा रिझल्ट आला. शंतनुजींनी फोनवर दोनदा वाचून दाखवला, इतका चांगला. मला मनापासून आनंद झाला. फॅक्टरीत सांगितलं की आमचा स्कोअर आला.

१४ जानेवारी, संक्रांत

बातमी गुप्त ठेवायची ठरली होती. मी फक्त मनीषला सांगितली. मनीष माझा ज्युनियर, पोटात ठेवणारा मुलगा. आज आईच्या हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांना माहीत होती. मनीषवर लक्ष ठेवलं पाहिजे.

समोरच्या शोभनाकाकू म्हणाल्या, त्यांची अनुश्री मेलबर्नला आहे, तिच्यासाठी थोडी लौंग सेव न्यायची. देवयानीने सांगायचा प्रयत्न केला की मेलबर्न वेगळ्या देशात आहे. काकू म्हणाल्या, बेटा, एकच बाजू आहे ना. आणि आधा किलो ही तो है. मी मध्ये पडून म्हटलं, काकू, आणा, हमको क्या, सूटकेस में डाल लेंगे. ऑकलंडहून मेलबर्न म्हणजे पलासियाहून सांवेर रोड समजा. संध्याकाळी देवयानीने नकाशा दाखवला. मध्ये समुद्र बराच आहे.

१० फेब्रुवारी

राजीनामा दिला. देवयानी म्हणाली, मानस, आधी तुझी परीक्षा तर होऊ दे. पण दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यातला मी नाही. मालक थोडे भावुक झाले. म्हणाले, जाओ भिया, नाम करो. माझ्या जागी कोण, असं विचारलं, तर मनीषला आधीच सांगून झालं होतं.

परीक्षेची तारीखही घेतली, १९ मार्च. दुपारचा स्लॉट पटकन मिळाला. बाकीच्या तारखांना गर्दी, ही एक रिकामी. नशीब लागतं.

२२ फेब्रुवारी

स्कूटर मनीषला देऊन टाकली. माझी पांढरी स्कूटर. तिच्यावर मी देवयानीला बघायला गेलो होतो, आणि स्पृहाला हॉस्पिटलमधून आणायचीही माझी तयारी होती, आईने ऑटो केली. मनीष म्हणाला, भिया, डिक्कीतलं सामान काढून घ्या. म्हटलं, काय असेल ते तुझं. जाणाऱ्या माणसाने मन मोठं ठेवावं.

२ मार्च

निरोपाची जेवणं सुरू. फॅक्टरी, कॉलनी, देवयानीच्या माहेरची मंडळी, पाठोपाठ सराफ्याच्या खाऊगल्लीत मित्र. नारळ, शाल, शर्टपीस. फॅक्टरीने मोठी चाकांची सूटकेस दिली. भाषणात मी म्हटलं की इंदूरचं नाव तिकडे काढीन, पण इंदूरला विसरणार नाही. टाळ्या पडल्या. देवयानी खाली बघत होती. भारावली असावी.

दिवाणाशेजारी पार्सलांचा ढीग आहे. सेव, मिक्स्चर, लिंबाचं लोणचं, कुणाची तरी खारकांची पूड. नावं लिहिलीत: सिडनी, टोरांटो, एक डब्लिन. मी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

१७ मार्च

आत्ता लक्षात आलं की परवा रंगपंचमी आहे. त्या दिवशी इंदूरमध्ये कुत्रंसुद्धा परीक्षा देत नाही. म्हणून स्लॉट रिकामा होता.

काही हरकत नाही. यंदा गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायची नाही. पुढची किती वर्षं दिसणार नाही, तरी नाही. संकल्प.

१९ मार्च, रंगपंचमी. सकाळी ९

विचार केला. राजवाड्यावरच्या गेरमध्ये रंग उडवायला जे पंप असतात ना, ट्रकवर, तिसऱ्या मजल्यापर्यंत धार जाते, त्यातले काही आमच्या फॅक्टरीचे आहेत. क्वालिटी चेक माझा. चालतात कसे ते एकदा साइटवर बघणं ही माझी व्यावसायिक जबाबदारी आहे. मनीष स्कूटरवर नेतोय. फक्त पाच मिनिटं, तेही लांबून, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून. परीक्षा दोनला. जुना शर्ट घातलाय, म्हणजे सावधगिरी पुरेपूर.

त्याच दिवशी, दुपारी ४

पंप उत्तम चालतात.

पुलावर उभं राहता येईना, गर्दीने पुढे ढकललं. पुढचं मला नीट आठवत नाही, फक्त हिरवं आठवतं. मी नाचलो असं मनीष म्हणतो. त्याच्याकडे व्हिडिओ आहे म्हणे.

परीक्षेच्या सेंटरवर दीडलाच पोचलो, वेळेचा मी पक्का. तोंड नळावर धुतलं होतं. काउंटरवरच्या मॅडमने पासपोर्टचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. सुपरवायझरला बोलावलं. कॅमेऱ्यासमोर उभं केलं. कॅमेऱ्याने मी माणूस आहे एवढं कबूल केलं, मी मानस आहे हे कबूल करेना. नियमात बसत नाही म्हणाले, सॉरी सर. त्या मॅडमच्या स्वतःच्या कानामागे गुलाबी रंग होता, पण नियम बघा कुणाला लागतो.

घरी बेसन, खोबरेल, लिंबू, परत बेसन. आई म्हणाली, लहानपणीसुद्धा दहावीच्या पेपरला असंच. देवयानी टॉवेल घेऊन आली. बराच वेळ बाथरूमच्या दारात उभी होती. मग विचारलं, मानस, तुला खरंच यायचं आहे ना?

हा काय प्रश्न झाला, असं मी म्हटलं. डोळे मिटलेले होते, बेसन लावलं होतं, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही.

१ एप्रिल

फॅक्टरी सुटली. सध्या संक्रमणकाळ. पोहे खायला बाहेर पडलो की लोक विचारतात, अरे, गए नहीं? म्हणून हेल्मेट घालून जातो. स्कूटर नाही, पायीच जातो, पण हेल्मेट घालून.

२६ एप्रिल

परीक्षा दिली. चेहरा ओळखला गेला, म्हणजे निम्मं काम झालं.

तोंडी परीक्षेला समोर एक शांत बाई. म्हणाल्या, तुमच्या शहराबद्दल बोला. मी मनात म्हटलं, मानस, लॉटरी लागली. काय बोललो. पोह्यांवर जिरावण मसाला का टाकायचा, सेव कधी टाकायची, सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर तळलेला गराडू कंद आणि भुट्ट्याचा कीस कसा मिळतो, गेरमध्ये अनोळखी माणूस आपल्याला उचलून कसा घेतो. इंग्रजी माझ्या तोंडातून नर्मदेच्या पाइपलाइनसारखं वाहत होतं. बाई लिहायच्या थांबून ऐकत होत्या.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला दुसरीकडे कुठे राहायला आवडेल का.

मी म्हटलं, नेव्हर.

तोंडातून गेलं. त्यांनी विचारलं, का बरं. मला वाटलं आता सुधारावं, न्यूझीलंडबद्दल काही सांगावं, तिथली हवा, गाई, काहीतरी. एक शब्द येईना. बाई थांबल्या. घड्याळ चालू होतं. त्यांनी थँक यू म्हटलं.

घरी सांगितलं, पेपर छान गेला.

१० मे

स्कोअर कमी. लिहिण्यात कमी, बोलण्यात त्याहून कमी. सिस्टिम टॅलेंट ओळखत नाही. शंतनुजी म्हणाले, सर, जून में एक बार और दे दीजिए, अब भी टाइम है. नक्की, असं मी म्हटलं. रिव्हिजनच तर करायची आहे.

८ जून

जूनची तारीख घ्यायची राहून गेली. साइट स्लो होती. शिवाय बाबांचं बीपी. मी नसलो तर त्यांचं कोण बघणार? बाबांना तसं बोललोही. बाबा म्हणाले, त्यांचं बीपी मी घरी बसल्यापासून वाढलंय.

१७ जून

व्हिसा आला. देवयानीचा आणि स्पृहाचा.

पाच जुलैचं तिकीट. तिकडची शाळा जुलैच्या मध्यात सुरू होते. हे बरंच झालं, असं मी देवयानीला म्हटलं. तुम्ही जाऊन घर बघा, गॅस वगैरे लावा, मी मागून येतो, सेट झालेल्या घरात. ती म्हणाली, मानस, मला घाबरायला कुणीतरी सोबत हवं होतं रे. एवढंच बोलून पोळ्या लाटायला लागली. मी मीठ शोधायला आत गेलो. मीठ समोरच होतं.

३ जुलै

पॅकिंग. माझी फॅक्टरीची सूटकेस देवयानी नेतेय. पार्सलं एकही नेणार नाही म्हणाली. तिकडे खाण्याच्या वस्तू विमानतळावर उघडून दाखवाव्या लागतात, आणि तिला नव्या देशात पहिलं वाक्य सेवेबद्दल बोलायचं नाही. लोकांना काय सांगायचं? मी सांगेन, असं म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

५ जुलै

आईने निघताना तिघांच्याही हातावर दही-साखर दिली. सवयीने. मीही सवयीने चाटली, देवाला नमस्कार केला, बाबांच्या पाया पडलो. बाबांनी यशस्वी भव म्हटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

एअरपोर्टच्या दारावरच्या जवानाने तिकिटं मागितली. दोन होती. तो मला म्हणाला, सर, आप साइड में. मी साइडला झालो. देवयानीने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, जसा काही मीच जाणार होतो. स्पृहाने विचारलं, बाबा, तू कधी येणार? म्हटलं, मागच्या फ्लाइटने. ती सात वर्षांची आहे, तिला सगळं नीट लागतं. तिने विचारलं, मागची फ्लाइट किती वाजता आहे?

मी तिच्या बॅगेचं हँडल वर काढून दिलं. काचेतून ती बॅग ओढत जाताना दिसत होती, मग दिसेना.

पार्किंगमध्ये रडलो. ही डायरी माझी आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. चांगला रडलो.

घरी आलो तर आई म्हणाली, पुढच्या वेळी विमान उडाल्याशिवाय तुला दही मिळणार नाही.

२१ जुलै

फॅक्टरीत परत लागलो, तात्पुरता. मनीषच्या हाताखाली. माझी खुर्ची त्याने उंच करून घेतलीय. मला अजून भिया म्हणतो, पण रिपोर्ट दोन कॉपीत मागतो. जाता-येता घरापासून नेतो. माझ्याच स्कूटरवर मी मागे. हँडलला हार आहे, आरसा नवा आहे. मुलाने चांगली ठेवलीय.

२७ जुलै

पार्सलं खराब व्हायला नकोत म्हणून क्वालिटी चेक सुरू केला. सिडनी संपलं. टोरांटो कालपासून चालू आहे, थोडं खवट. डब्लिनचं लोणचं फर्स्ट क्लास. आज शोभनाकाकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अनुश्रीला सेव अजून मिळाली नाही. म्हटलं, काकू, मध्ये समुद्र बराच आहे.

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी दोन

स्पृहाचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र, झोपायच्या आधीची. ती आता इंग्रजी बोलताना नाकातून थोडं वेगळंच बोलते. म्हणाली, आईने सांगितलंय, मी तुझी परीक्षा घेणार. टायमर लावला. देवयानी मागे कपडे घड्या करत होती, बघत नव्हती, पण ऐकत होती.

स्पृहा म्हणाली, तुझ्या शहराबद्दल बोल.

मी सुरू केलं. माय सिटी इज इंदोर. इट इज व्हेरी क्लीन. पुढे पोहे म्हणणार होतो. पण सकाळीच गेलो होतो, नेहमीसारख्या तीन प्लेट सांगितल्या, मग दोन परत केल्या. सराफा म्हणावं तर पाच जुलैपासून गेलो नाही. गेर, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, सगळं डोळ्यासमोर येत होतं आणि प्रत्येकात स्पृहा माझ्या खांद्यावर होती. क्लीनच्या पुढे गाडी जाईना. टायमर चालूच. ती थांबली, अगदी तिच्या आईसारखी, घाई न करता.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला, दुसरीकडे कुठे राहायला आवडेल का. मी म्हटलं, येस. ती म्हणाली, फुल सेंटेन्समध्ये सांग. मी फुल सेंटेन्समध्ये सांगितलं. देवयानीच्या हातातली घडी अर्धी राहिली.

ऑक्टोबरची तारीख लगेच घेतली, कॉल चालू असतानाच. साइट अजिबात स्लो नव्हती. उद्या पहाटे पाचला देवयानी मला फोन करून उठवणार. तेव्हा तिची पोरं जेवणाआधी हात धुवायला रांगेत उभी असतात. म्हणाली, तूही उभा राहा.

११ ऑगस्ट. पहाटे ५.२०

फोन आला. उठलो. चहा केला. टेबल पुसलं. पुस्तक शोधलं.

कपाट, दिवाण, माळा, पार्सलांच्या मागे. आई उठली, बाबा उठले. बाबांनी विचारलं, शेवटचं कधी वाचलं होतंस? त्यावरून आठवलं. पुस्तक डिक्कीत होतं. नोव्हेंबरपासून. स्कूटरबरोबरच गेलं. रंगपंचमीला मी त्याच्यावर बसून गेरला गेलो होतो.

मनीषला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, इतक्या पहाटे जागा कसा? तो जरा अडखळला. म्हणाला, भिया, नाराज मत होना, ते पुस्तक तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी ठेवलंय असं वाटलं होतं. रोज पहाटे वाचतो. दोनदा झालं. परवा रिझल्ट आला, साडेसात. दिवाळीनंतर कॅनडाला निघायचं म्हणतोय. खुर्चीबद्दल मालकांशी बोलून ठेवलंय, तुमची तुम्हाला परत. आणि स्कूटरसुद्धा घेऊन टाका, भिया, तुमचीच तर आहे.

मी म्हटलं, स्कूटर राहू दे. पुस्तक दे.